रात्री रस्त्यावर गाडी उभी करताना कोणते दिवे लावायचे आणि का

डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर असलेल्या हेडलाइटच्या उजेडात पुढे उभी असलेली मळकी, दिवे बंद असलेली गाडी साधारण ४० ते ६० मीटरवर आली की नीट दिसते. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर कापते. समोर काहीतरी आहे हे लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध चालकालाही दीड सेकंद लागतो, म्हणजे ब्रेक लागायच्या आतच ३३ मीटर संपलेले असतात. पुढे कोरडा रस्ता, चांगले टायर आणि चांगले ब्रेक धरले तरी गाडी थांबायला आणखी ३५ मीटर हवेत. बेरीज झाली ६८. जे फार तर ६० मीटरवर दिसतं, त्याच्या आधी थांबायला ६८ मीटर लागतात.

हाच हिशेब ताशी १०० ला केला तर सुमारे ९७ मीटर होतात आणि १२० ला १२९. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मुभा आहे. अप्पर मारला की लांबचं दिसतं हे खरं, पण समोरून वाहनं येत असताना अप्पर ठेवता येत नाही, आणि आपल्याकडच्या बहुतेक राज्य महामार्गांवर मध्ये दुभाजकही नसतो. शिवाय समोरच्याचा झगमगाट डोळ्यांवर आला की पुढचे काही क्षण आपल्या बाजूचं काळं-करडं काहीच कळत नाही. नेमक्या त्या पट्ट्यात कुणी ट्रॉली उभी करून गेलेला असेल, तर चालक कितीही चांगला असो, त्याच्या हातात फारसं काही उरत नाही.

मागून येणाऱ्याने हळू यायला हवं होतं, असं प्रत्येक अपघातानंतर कुणीतरी म्हणतं, आणि ते चूकही नाही. पण उजेडाचा आणि वेगाचा हिशेब पाहिला तर अंधारातली उभी गाडी वेळेत दिसावी यासाठी सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय फक्त एकाच माणसाच्या हातात असतो. ज्याने ती तिथे उभी केली त्याच्या.

नियम काय सांगतो

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०९ खास पार्किंग लाइटविषयी आहे. मोटरसायकल आणि अपंगांची तीनचाकी गाडी सोडून प्रत्येक मोटार वाहनाला पुढे दोन्ही बाजूंना एकेक पांढरा किंवा पिवळसर दिवा आणि मागे दोन्ही बाजूंना एकेक लाल दिवा हवा. पुढे त्यात स्पष्ट म्हटलं आहे की वाहन रस्त्यावर उभं असतानाही हे पुढचे-मागचे दिवे सुरू राहिले पाहिजेत. मागच्या दिव्यांसाठी वेगळी व्यवस्था लागत नाही, नेहमीचे टेललाइट तेच काम करतात.

याच्या जोडीला मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२२ आहे. इतरांना धोका, अडथळा किंवा विनाकारण त्रास होईल अशा जागी किंवा अशा अवस्थेत वाहन सार्वजनिक ठिकाणी सोडून जायचं नाही, असं ते सांगतं. कलम १२७ नुसार असं धोकादायक उभं असलेलं वाहन पोलिसांना तिथून लगेच हलवून घेता येतं. दंड मात्र पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुढे १,५०० रुपये, त्यामुळे कुणी फारसं मनावर घेत नाही.

खरा हिशेब नंतर कोर्टात होतो. रस्त्याच्या मधोमध दिव्यांशिवाय उभ्या असलेल्या एका गॅस टँकरवर कार आदळली. उच्च न्यायालयाने चूक दोघांची अर्धी-अर्धी धरली होती. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ते फिरवलं आणि सगळी जबाबदारी टँकरवर टाकली. सप्टेंबर २०२४ मध्ये महामार्गावर सोडून दिलेल्या अवजड ट्रकच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने हेच केलं आणि निकालात कलम १२२, १२६, १२७ यांचा आधार घेतला. कारचालकाचा हलगर्जीपणा गृहीत धरून घरच्यांची भरपाई कापायची, ही पद्धत न्यायालयाने दोन्ही वेळा नाकारली. ट्रकमालकांनी हे दोन निकाल समजून घ्यावेत असं मला मनापासून वाटतं, कारण दिवे न लावता गाडी सोडून जाण्याची किंमत ५०० रुपयांची पावती नसून लाखोंची भरपाई असू शकते.

पार्किंग लाइट आणि हॅझार्ड, दोन वेगळ्या गोष्टी

आपल्याकडे चारही इंडिकेटर एकदम लुकलुकायला लागले की त्यालाच अनेकजण पार्किंग लाइट म्हणतात. ते हॅझार्ड. डॅशबोर्डवर लाल त्रिकोणाचं बटण असतं ते त्याचं. पार्किंग लाइट म्हणजे दिव्यांच्या दांडीचा पहिला टप्पा: एक खटका फिरवला की पुढचे छोटे दिवे, मागचे टेललाइट आणि नंबरप्लेटचा दिवा लागतो, दुसऱ्या खटक्याला हेडलाइट. पार्किंग लाइट स्थिर जळतात, लुकलुकत नाहीत.

दोघांचं सांगणंही वेगवेगळं आहे. पार्किंग लाइट गाडीच्या दोन्ही कडांवर असल्यामुळे लांबून गाडीची रुंदी कळते, आणि लाल दिसतंय की पांढरं यावरून तिचं तोंड कुठे आहे तेही कळतं. गाडी व्यवस्थित कडेला, योग्य जागी उभी आहे आणि फक्त नजरेला यावी एवढंच हवं असेल तर हे पुरतं. हॅझार्ड सांगतं की इथे काहीतरी बिघडलंय, जपून या. गाडी बंद पडली, टायर फुटला, लेनमध्येच अडकली, तेव्हा हॅझार्ड.

महामार्गावर बंद पडलेल्या गाडीला नुसते टेललाइट का पुरत नाहीत, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. रात्री मागच्या चालकाला गाडी दिसत नाही, दोन लाल ठिपके दिसतात. पुढची गाडी चालतेय की उभी, हे तो त्या दोन ठिपक्यांमधलं अंतर किती झपाट्याने फाकतंय त्यावरून ओळखतो. आता तो ताशी १०० ने येतोय आणि पुढची गाडी उभी आहे असं धरू. २०० मीटरवरून १०० मीटरवर यायला त्याला साडेतीन सेकंद लागतात, आणि एवढ्या वेळात ठिपक्यांमधलं अंतर जेमतेम दुप्पट होतं. एवढ्या छोट्या ठिपक्यांचं दुप्पट होणं डोळ्यांत भरत नाही, पुढे कुणीतरी चाललंय एवढंच वाटतं. पुढच्या पावणेदोन सेकंदांत तो ५० मीटरवर येतो, ठिपके पुन्हा दुप्पट फाकतात आणि तेव्हा कुठे काळजात धस्स होतं. पण १०० च्या वेगाला थांबायला ९७ मीटर लागतात, हे आपण वर पाहिलं. म्हणजे फक्त टेललाइट लावून महामार्गावर उभी असलेली गाडी दिसते, पण ती चालती वाटते. लुकलुकणारे चार पिवळे दिवे आणि मागे रस्त्यावर ठेवलेला लाल रिफ्लेक्टरचा त्रिकोण हा गैरसमज लांबूनच दूर करतात.

म्हणूनच चालत्या गाडीत हॅझार्ड लावायची सवय घातक आहे. चौकात सरळ जायचंय म्हणून, बोगदा आला म्हणून, पाऊस लागला म्हणून हॅझार्ड लावणारे रोज दिसतात. त्याने इंडिकेटर निकामी होतो, वळणार की नाही ते मागच्याला कळत नाही, आणि हळूहळू लोकांना हॅझार्ड बघून काहीच वाटेनासं होतं. मग खरोखर अडकलेल्या गाडीचं हॅझार्डही लोक तसंच सोडून देतात.

ट्रक, ट्रॉली आणि झाडाची फांदी

कार ट्रकच्या मागे आदळली की नुकसान एवढं भयंकर का होतं? कारचा पुढचा भाग, जो धक्का सोसण्यासाठी बनवलेला असतो, तो ट्रकच्या हौद्याखाली घुसतो आणि हौद्याची कड थेट काचेवर, म्हणजे माणसांच्या डोक्यापाशी येते. हे टाळायला ट्रकच्या मागे खाली आडवी लोखंडी पट्टी लावायची असते, पण ती वाकलेली, गंजलेली किंवा काढून टाकलेली बरेचदा दिसते. १५ ऑक्टोबर २०२३ ला मध्यरात्रीनंतर समृद्धीवर वैजापूरजवळ भाविकांची टेम्पो ट्रॅव्हलर थांबलेल्या ट्रकवर मागून आदळली आणि १२ माणसं गेली.

ट्रकवाल्यांची बाजूही आहे. बारा-बारा तास गाडी हाकून झोप आलेल्या माणसाला थांबायला जागा हवी, आणि ती दर काही किलोमीटरवर मिळत नाही. ढाब्याचं आवार भरलं की पुढच्या गाड्या साइडपट्टीवर लागतात, मागचं अर्धं चाक पांढऱ्या रेषेच्या आत. सकाळी बॅटरी बसायला नको म्हणून चालक सगळे दिवे बंद करून केबिनमध्ये पडतो. मला यात माणसाचा दोष कमी आणि व्यवस्थेचा जास्त दिसतो. तरीही त्या रात्रीपुरता त्याच्या हातात एक गोष्ट असतेच: मागच्या बाजूचे दोन दिवे.

गळीत हंगामात सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, अहिल्यानगरच्या रस्त्यांवर याहून अवघड चित्र असतं. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यात वरपर्यंत रचलेला ऊस आणि मागे लोंबणारी वाढी, म्हणजे उसाचे शेंडे. मुळात ट्रॉलीला टेललाइट असला तर तो या वाढ्यांमागे झाकला जातो. ट्रॅक्टरपासून मागच्या ट्रॉलीपर्यंत गेलेली वायर शेतातून निघताना कुठेतरी तुटलेली असते. ट्रॉली पंक्चर झाली की ती तिथेच सोडून ट्रॅक्टर पुढची घेऊन कारखान्याकडे जातो. रस्त्यावर राहते ती उसाची काळी भिंत, आणि तिच्या मागे ओळीने मांडलेले चार-पाच दगड आणि बाभळीची एक फांदी.

ही फांदी आणि हे दगड दिवसा कामाचे, रात्री उलट धोक्याचे. फांदी प्रकाश परत फेकत नाही, त्यामुळे ती ट्रॉलीच्या फार आधी दिसत नाही. दगड तर दुचाकीवाल्याला दिसतात तेव्हा तो त्यांच्यावरच असतो. आणि पंक्चर काढून ट्रॉली निघून गेली तरी दगड रस्त्यावर तसेच राहतात. ज्याने मांडले त्याने उचलायला दोन मिनिटं लागत नाहीत.

ट्रॉलीला बॅटरी नसते, त्यामुळे ट्रॅक्टरपासून सोडवली की दिवा लागण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे कामाला येतो रिफ्लेक्टर, ज्याला आपण सरसकट रेडियम म्हणतो. हेडलाइटचा प्रकाश आला त्याच दिशेने तो परत फेकतो, म्हणून चालकाला तो शेकडो फुटांवरून चमकताना दिसतो. ट्रकला पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल पट्टी लावतात ती यासाठीच. त्याला वीज लागत नाही, पण स्वच्छता लागते. चिखल किंवा धुळीचा थर बसला की पट्टी असून नसल्यासारखी. हंगामात दर फेरीला ओल्या फडक्याने मागची पट्टी पुसून घेतली आणि वाढी तिच्यावर येणार नाहीत अशी कापून घेतली, तर एका रुपयाचाही खर्च न होता ट्रॉली लांबून दिसू लागते. बैलगाडीच्या मागेही लाल रिफ्लेक्टर हवाच, कारण बैलगाडीला तर बहुतेक वेळा दिवाच नसतो.

गल्लीत लावलेल्या कारचं काय?

नियम १०९ मध्ये रस्त्यावरच्या खांबाचा उजेड असेल तर सूट, असं काही लिहिलेलं नाही. पण पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या गल्लीत रात्रभर पार्किंग लाइट लावून ठेवलेली कार कुणी पाहिली नसेल, आणि व्यवहारात तिथे तेवढी गरजही नसते. दिवा कुठे सक्तीचा आणि कुठे नाही, हे काही देशांनी नेमकेपणाने ठरवून टाकलं आहे, त्यातून शिकण्यासारखं आहे.

ब्रिटनने वेगमर्यादेचा निकष धरला. ताशी ३० मैलांपेक्षा, म्हणजे ४८ किलोमीटरपेक्षा जास्त वेगमर्यादेच्या रस्त्यावर रात्री गाडी उभी केली तर पार्किंग लाइट लावलेच पाहिजेत. तेवढ्या किंवा त्याहून कमी मर्यादेच्या रस्त्यावर कार दिव्यांशिवाय चालते, पण ती कडेला लागून, चौकापासून किमान १० मीटर दूर आणि वाहतुकीच्या दिशेनेच तोंड करून उभी हवी. उलट्या तोंडाने लावायला रात्री मनाई आहे, ठरलेली पार्किंगची जागा असेल तरच चालतं. यामागचं कारण आपल्याकडेही तंतोतंत लागू आहे. लाल रिफ्लेक्टर गाडीच्या मागे असतात. उलटी लावली की येणाऱ्याच्या समोर गाडीचं तोंड येतं आणि तिथे लाल काहीच नसतं. आपल्या गल्ल्यांत निम्म्या गाड्या उलट्या लागलेल्या असतात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

जर्मनीने उजेडाचा निकष धरला. गावाबाहेर उभ्या गाडीला स्वतःचा दिवा हवाच. गावात रस्त्यावरच्या दिव्याचा पुरेसा उजेड सतत गाडीवर पडत असेल तर वेगळा दिवा लावावा लागत नाही. मग मध्यरात्रीनंतर बंद होणाऱ्या खांबांचं काय? त्याचीही सोय आहे. जो दिवा रात्रभर जळत नाही त्याच्या खांबावर पांढऱ्या कडांचा लाल पट्टा असतो, आणि तो किती वाजता विझतो ती वेळही त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिता येते. गाडी लावणाऱ्याने खांबाकडे पाहून ठरवायचं. फोक्सवॅगन, स्कोडा अशा अनेक युरोपीय गाड्यांत चावी काढल्यावर इंडिकेटरची दांडी डावीकडे किंवा उजवीकडे दाबून ठेवली की फक्त त्याच बाजूचा पुढचा-मागचा छोटा दिवा जळत राहतो. गाडीची रस्त्याकडची बाजू दिसावी आणि बॅटरी वाचावी यासाठी ती सोय आहे. गाडी बंद करून एका बाजूचा दिवा का जळतोय म्हणून गोंधळला असाल, तर बहुतेक इंडिकेटर चालू ठेवून चावी काढली असणार.

माझं मत असं: उजेडाच्या गल्लीत, कडेला, योग्य तोंडाने लावलेल्या कारचे रिफ्लेक्टर स्वच्छ असले की पुरे. गावाबाहेर, खांब नसलेल्या रस्त्यावर, वळणाजवळ, लग्नाच्या कार्यालयाबाहेर डांबरावर लागलेल्या रांगेत, लोडशेडिंगमध्ये बुडालेल्या रस्त्यावर मात्र पार्किंग लाइट लागलेच पाहिजेत. आंबोली, ताम्हिणी, माळशेजसारख्या घाटात पावसाळी धुकं असेल तर धबधबा बघायला रस्त्यावर गाडी थांबवूच नये, कारण एवढासा ५ वॅटचा दिवा दाट धुक्यात जवळ येईपर्यंत दिसत नाही.

बॅटरी बसेल का?

दिवे न लावण्याचं नेहमीचं कारण हेच, तेव्हा एकदा हिशेब करून टाकू. साध्या बल्बच्या छोट्या कारमध्ये पुढचे दोन, मागचे दोन, नंबरप्लेटचा आणि डॅशबोर्डचा उजेड मिळून साधारण ३० वॅट होतात. १२ व्होल्टला हे अडीच अँपिअर. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असेल आणि स्टार्टरसाठी निम्मी तरी शिल्लक हवी असेल, तर सहा-सात तास निघतात. म्हणजे जेवणाला, लग्नाला, पंक्चर काढायला थांबलात तर काळजीच नको. रात्रभर ठेवलेत तर जुनी बॅटरी सकाळी दगा देऊ शकते. एलईडी दिवे असतील तर खर्च याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. हॅझार्डला जास्त वीज लागते: २१ वॅटचे चार बल्ब, निम्मा वेळ जळतात असं धरलं तरी सरासरी ४० वॅटच्या पुढे, त्यामुळे चार-पाच तासांत बॅटरी अर्धी होते. हेडलाइट चालू ठेवून उभं राहणं तर टाळाच. बॅटरीही जाते आणि समोरून येणाऱ्याला तुमच्या मागचं काही दिसत नाही.

काही नव्या गाड्या लॉक केल्यावर बॅटरी वाचवण्यासाठी दिवे आपोआप विझवतात. तुमची तसं करते का, ते एकदा अंधारात उतरून बघा आणि पुस्तिकेत काय सोय दिली आहे ते वाचा.

गाडी महामार्गावर बंद पडलीच तर

गाडी जेवढी डावीकडे नेता येईल तेवढी न्या, फुटलेल्या टायरवरसुद्धा. रिम गेली तरी चालेल. लगेच हॅझार्ड लावा आणि पार्किंग लाइटही. आतल्या सगळ्यांना डाव्या दाराने उतरवून रेलिंगच्या पलीकडे उभं करा, गाडीच्या मागे किंवा पुढे नाही. मग त्रिकोण. तो डिकीत जॅकच्या शेजारी असतो, आणि अनेकांनी त्याची पिशवी कधी उघडलेलीही नसते. दिवसाउजेडी घरी एकदा उघडून, जोडून पाहा, कारण अंधारात त्याच्या दांड्या कशा बसतात ते सुचत नाही.

साध्या रस्त्यावर त्रिकोण गाडीच्या मागे निदान ५० मीटरवर हवा, म्हणजे सत्तरेक पावलं. गाडीला टेकून ठेवलेल्या त्रिकोणाचा उपयोग शून्य. वेगाच्या रस्त्यावर हे अंतर दुप्पट करा, आणि गाडी वळणाच्या पुढे असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे ठेवा. मागे जाताना रेलिंगच्या कडेने, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, उघडा त्रिकोण छातीसमोर धरून चाला. पण द्रुतगती मार्गावर वाहतूक तुफान वेगात असेल आणि कडेला चालायला जागा नसेल तर त्रिकोणाचा हट्ट धरू नका. ब्रिटनमध्ये मोटरवेवर, म्हणजे तिथल्या द्रुतगती मार्गावर, तो ठेवूच नका असं सांगतात. तिथे आधी रेलिंगपलीकडे जा आणि मदत मागवा: ११२, किंवा राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३.

या सगळ्याच्या आधी एक साधी गोष्ट तपासून ठेवा. मागचा बल्ब गेलेला आपल्याला गाडीत बसून कळत नाही, कारण तो आपल्या पाठीमागे असतो. रात्री पार्किंगमध्ये गाडी भिंतीकडे मागे घेताना पार्किंग लाइट लावा आणि आरशात भिंतीकडे पाहा. दोन्ही बाजूंना सारखे लाल गोल पडले तर ठीक. एकच पडला तर दुसऱ्या दिवशी बल्ब बदला. बहुतेक गाड्यांत मागच्या दिव्याचा स्क्रू डिकीतूनच निघतो आणि साधा बल्ब कुठल्याही ऑटोपार्ट्सच्या दुकानात मिळतो.